स्वीकाराच्या अटी : मराठी साहित्य-चित्रपटांतील 'वेगळा' माणूस आणि रिद्धपूरचा दाखला

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी बी. ए.च्या वर्गात महानुभाव गद्य शिकवीत असताना आलेला एक अनुभव या लेखाच्या मुळाशी आहे. वर्गातील एक विद्यार्थी एकदा ऐकलेली लीळा जशीच्या तशी, संवादांतील चढउतारांसह सांगत असे. आपण विसरलेला एखादा तपशीलही तो नेमका दाखवून देई. तोच विद्यार्थी परीक्षेत मात्र चार ओळींपलीकडे जात नसे. त्या ओळींतही अक्षरांची अदलाबदल, सुटलेल्या मात्रा आणि अर्धवट वाक्ये असत. प्रस्तुत लेखकाने त्याच्या उत्तरपत्रिकेवर 'वाचन वाढवा' असा शेरा लिहिला आणि नियमाप्रमाणे गुण दिले. पुढील वर्षी तो विद्यार्थी महाविद्यालयात आला नाही. त्याला अध्ययन अक्षमता होती की नव्हती, हे सांगण्याचा अधिकार लेखकाला नाही. परंतु त्या शक्यतेचा विचारही आपल्या मनात का आला नाही, हा प्रश्न मात्र उरला. तो केवळ एका शिक्षकाच्या अज्ञानाचा प्रश्न नाही. वेगळ्या घडणीच्या माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्याला भाषेने, साहित्याने आणि चित्रपटांनी दिली, तिच्याशी त्याचा संबंध आहे.

प्रस्तुत लेखात काही परिचित मराठी कलाकृती आणि एक गाजलेला हिंदी चित्रपट यांच्या आधारे त्या दृष्टीची तपासणी केली आहे. आपल्या साहित्य-चित्रपटांनी वेगळ्या माणसाला नाकारलेले नाही, परंतु त्याचा स्वीकार करताना बहुधा एखादी अट घातली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तेराव्या शतकातील 'गोविंदप्रभु चरित्र' हा ग्रंथ या संदर्भात नव्याने वाचला, तर स्वीकाराचा एक निराळा प्रकार आपल्याच परंपरेत आढळतो. त्याचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे, हा या लेखाचा दुसरा हेतू आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

स्वमग्नता, डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, अवधान व अतिचंचलतेशी निगडित असलेली एडीएचडी, बौद्धिक दिव्यांगता अशा अवस्थांचा विचार दीर्घकाळ केवळ रोग किंवा उणीव या चौकटीतच झाला. १९९०च्या दशकात इंटरनेटच्या साहाय्याने परस्परांशी बोलू लागलेल्या स्वमग्न व्यक्तींनी या चौकटीला आव्हान दिले. आपली मेंदूघडण निराळी आहे, ती मोडकी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. याच विचारमंथनातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही संज्ञा रूढ झाली. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्यूडी सिंगर यांचा प्रबंध आणि अमेरिकेतील हार्वे ब्लूम यांचा लेख, हे दोन्ही १९९८ मधील आहेत. ही संज्ञा जैवविविधतेच्या कल्पनेवर बेतलेली आहे. मराठीत तिच्यासाठी 'मेंदूघडणीतील वैविध्य' असा शब्दप्रयोग करता येईल.

या विचाराचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. वैविध्य मान्य करणे म्हणजे अडचणी अमान्य करणे नव्हे. काही व्यक्तींना आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराची गरज असते, काहींना बोलता येत नाही, काहींच्या कुटुंबांची शक्ती त्यांच्या संगोपनात खर्च होते. हे वास्तव झाकून केवळ गौरवाची भाषा बोलणे अन्यायाचेच ठरेल. मुद्दा इतकाच की अडचणीचा काही भाग त्या व्यक्तीच्या घडणीत असतो आणि काही भाग भोवतालच्या व्यवस्थेत असतो. यांपैकी दुसरा भाग बदलणे समाजाच्या हाती आहे.

शब्दांची साक्ष

वेगळ्या माणसासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. वेडा, खुळा, मठ्ठ, ठोंब्या आणि आपल्या भागातील बोलीत 'बयाड' हे शब्द त्याला खाली ढकलतात. 'अवलिया' आणि 'वल्ली' हे शब्द त्याला वर उचलतात. हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले असून त्यांचा मूळ संबंध संतपुरुषाशी आहे. म्हणजे माणूस चारचौघांसारखा नसेल तर तो एक तर कमी असतो किंवा सिद्ध तरी असतो. शेजारी राहणारा, आपल्या बरोबरीचा, परंतु निराळ्या रीतीने विचार करणारा माणूस, या अर्थाचा साधा शब्द मराठीत सहजी सापडत नाही. 'मतिमंद' या शब्दाऐवजी 'बौद्धिक दिव्यांग' असा शब्द शासकीय व्यवहारात आला, हे योग्यच झाले. तथापि शब्द बदलला म्हणजे दृष्टी बदललीच, असे मानता येत नाही. म्हणून शब्दांकडून कलाकृतींकडे वळणे अगत्याचे आहे.

पहिली अट : गंमत

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या संग्रहाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या संग्रहातील सखाराम गटणे मराठी वाचकाला सर्वपरिचित आहे. तो वाचनात संपूर्ण बुडालेला आहे, छापील भाषेत बोलतो आणि पुस्तकातील जीवन व प्रत्यक्ष जीवन यांचा मेळ त्याला घालता येत नाही. गटणेला आजचे एखादे वैद्यकीय नाव चिकटविणे हा समीक्षेचा अतिरेक होईल. तो एक कल्पित व्यक्तिचित्राचा नायक आहे, रुग्ण नव्हे. परंतु अशा माणसाकडे निवेदक कसा पाहतो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत निश्चित येतो.

निवेदक गटणेला हसतो आणि वाचकालाही हसवितो. पण हे हसणे निर्दय नाही. निवेदक त्याला दाराबाहेर काढत नाही, त्याचे ऐकून घेतो, त्याच्या अडचणीत लक्ष घालतो. मध्यमवर्गीय मराठी समाजाने वेगळेपणाला दिलेली ही एक हक्काची जागा आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही तिला एक अट आहे. वेगळेपण मनोरंजक असले पाहिजे. जो बोलतच नाही, जो गर्दीच्या आवाजाने कासावीस होऊन किंचाळतो, ज्याच्या तऱ्हेवाईकपणातून किस्सा तयार होत नाही, त्याला 'वल्ली' ही पदवी मिळत नाही. शिवाय या संग्रहात वल्ली स्वतः आपली कथा सांगत नाही. ती नेहमी दुसरा सांगतो.

दुसरी अट : करुणा

संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' हा चित्रपट १९९१ मध्ये प्रदर्शित झाला. बालपणीच्या अपघातानंतर ज्याची बौद्धिक वाढ खुंटली आहे, अशा नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. त्याची आई सुलभा देशपांडे यांनी, तर बालमैत्रीण स्मिता तळवलकर यांनी साकारली. ज्या काळात अशा मुलांना घरातील आतल्या खोलीत ठेवण्याची रीत होती, त्या काळात या चित्रपटाने त्यांना थेट घराघरांतील चर्चेत आणले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. अनेक पालकांना आपले दुःख प्रथमच कोणीतरी पडद्यावर मांडल्याचे समाधान मिळाले असेल.

चित्रपटाची रचना मात्र प्रामुख्याने इतरांच्या मनातील नंदूवर उभी आहे. आईची काळजी, मैत्रिणीची अपराधभावना, शेजाऱ्यांची भीती किंवा माया हे त्याचे खरे विषय आहेत. नंदू ज्यांच्या भावना जाग्या करतो, त्या माणसांची ही कथा आहे. करुणेची अट येथे दिसते. ज्याच्यावर करुणा करावयाची, तो निरागस असला पाहिजे, त्याने आपल्याला रडविले पाहिजे, त्याने राग, हट्ट वा इच्छा फारशी दाखवू नये. करुणा ही थोर भावना आहे, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. तिच्यातून हक्क निर्माण होत नाही.

या दृष्टीने २०१४ मधील महेश लिमये दिग्दर्शित 'यलो' हा चित्रपट एक महत्त्वाचे पाऊल ठरतो. डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे आणि त्यात स्वतः गौरी यांनी भूमिका केली आहे. तेवीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन चित्रपटांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्यात एक समर्थ अभिनेता वेगळ्या माणसाचे रूप धारण करतो, दुसऱ्यात ती व्यक्तीच कॅमेऱ्यासमोर उभी राहते. प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न दलित व स्त्रीवादी समीक्षेने मराठीत आधीच उपस्थित केला आहे. तोच आता या क्षेत्रातही लागू करावा लागेल.

तिसरी अट : गुणवत्ता

२००७ मधील 'तारे जमीन पर' हा चित्रपट हिंदी असला, तरी महाराष्ट्रातील शिक्षकवर्गावर त्याचा परिणाम मोठा झाला. मुंबईतील कुटुंब, त्यातील डिस्लेक्सिया असलेला ईशान, निवासी शाळा आणि त्याला समजून घेणारा कलाशिक्षक निकुंभ, हे त्याचे कथानक सर्वांना ठाऊक आहे. 'डिस्लेक्सिया' हा शब्द अनेक शिक्षकांनी या चित्रपटामुळेच प्रथम ऐकला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु चित्रपटाचा शेवट चित्रकलेच्या स्पर्धेत होतो आणि ईशान ती जिंकतो. म्हणजे त्याला वाचता येत नव्हते याची भरपाई अखेरीस त्याच्या असामान्य प्रतिभेने होते. ईशानला चित्र काढता आले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. आपल्या वर्गातील बहुसंख्य मुले, मग ती वेगळ्या मेंदूघडणीची असोत वा नसोत, असामान्य नसतात. वेगळ्या मुलाकडून मात्र त्याच्या वेगळेपणाची किंमत म्हणून असामान्यत्वाची अपेक्षा केली जाते. आइन्स्टाइन, न्यूटन यांची नावे घेऊन पालकांना धीर देण्याची जी पद्धत पडली आहे, तीही याच अटीचा प्रकार आहे. मृत व्यक्तींचे असे निदान शास्त्रीय दृष्ट्या तकलादू तर असतेच, शिवाय त्यातून सामान्य मुलावर एक नवे ओझे येते.

अटीचे टोक : व्हिएन्नाचा इतिहास

गुणवत्तेची अट वरवर पाहता उदार वाटते. ती किती घातक होऊ शकते, हे समजण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये स्वमग्न मुलांविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांतील काही मुलांच्या विशेष बुद्धिमत्तेचे आणि समाजाला होऊ शकणाऱ्या त्यांच्या उपयोगाचे त्यांनी कौतुक केले. नाझी राजवटीत या मुलांची त्यांनी पाठराखण केली, अशी त्यांची ख्याती अनेक दशके होती. २०१८ मध्ये इतिहासकार हेर्विग चेख यांनी अभिलेखांच्या आधारे केलेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि या ख्यातीला तडा गेला. गंभीर दिव्यांगता असलेल्या काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठविण्यात आस्पेर्गर यांचा सहभाग होता, असे त्यातून पुढे आले. या संस्थेत सुमारे ८०० मुलांचा मृत्यू झाला.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी संबंध असा की, 'ही मुले उपयोगी आहेत म्हणून त्यांना जपा' या युक्तिवादाच्या पोटात 'जी उपयोगी नाहीत त्यांचे काय?' हा प्रश्न दडलेला असतो. वेगळ्या मेंदूघडणीची माणसे संगणक क्षेत्रात निपुण असतात, त्यांची एकाग्रता विलक्षण असते, म्हणून त्यांना सामावून घ्यावे, हा आज ऐकू येणारा युक्तिवाद सद्हेतूने केलेला असतो. काहींच्या बाबतीत तो खराही असतो. पण माणसाचे मूल्य त्याच्या उपयोगावर ठरवावयाचे म्हटले की पु. लं.च्याच नारायणाची आठवण येते. लग्नघरात तो सर्वांना हवा असतो, कार्य उरकल्यावर मात्र तो कोणाच्या लक्षात राहत नाही.

रिद्धपूरचा दाखला

गंमत, करुणा आणि गुणवत्ता या तिन्ही अटींच्या पलीकडचा स्वीकार आपल्या परंपरेत कोठे आढळतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी गद्याच्या आरंभकाळाकडे जावे लागते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांचे स्थान. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत त्यांची गणना होते आणि चक्रधरस्वामी त्यांना गुरुस्थानी मानत. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या निधनानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या. हाच ग्रंथ 'गोविंदप्रभु चरित्र' किंवा 'ऋद्धिपूरलीळा' म्हणून ओळखला जातो. डॉ. वि. भि. कोलते यांनी त्याचे संपादन केले आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. मराठी भाषा विद्यापीठासाठी याच रिद्धपूरची निवड झाली, ही आपणा सर्वांना अभिमानाची बाब आहे.

या ग्रंथातील गोविंदप्रभू लोकव्यवहाराच्या कोणत्याच चाकोरीत बसत नाहीत. ते गावभर फिरतात, कोणाच्याही घरात शिरतात, अन्न मागतात किंवा स्वतःच उचलून खातात. ते मुलांत खेळतात, क्षणात हसतात, क्षणात रागावतात. त्यांच्या बोलण्यात ठरावीक पालुपद पुनःपुन्हा येते. सोवळेओवळे आणि जातींच्या सीमा ते पाळत नाहीत, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीतही ते सहज वावरतात. गावातील माणसे त्यांना 'वेडे', 'पिसे' म्हणतात आणि तीच माणसे त्यांना माय-बापही म्हणतात.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. गोविंदप्रभूंना आजच्या एखाद्या अवस्थेचे नाव देणे दोन कारणांनी चुकीचे ठरेल. एक तर श्रद्धेने रचलेला चरित्रग्रंथ हा वैद्यकीय पुरावा नसतो. दुसरे असे की, पंथाच्या दृष्टीने ही परमेश्वराची लीळा आहे आणि त्या श्रद्धेचा आदर राखणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. म्हणून आपले लक्ष गोविंदप्रभूंवर नव्हे, तर रिद्धपूरच्या रहिवाशांवर केंद्रित करावयास हवे. ते कोण होते, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. गावाने काय केले, हा मात्र साहित्याच्या आणि समाजाच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

गावाने काय केले? ज्यांचे वागणे समजत नाही, अशा एका व्यक्तीला गावाने आपल्या दैनंदिन व्यवहारात जागा दिली. दारे बंद केली नाहीत. सर्वच जण शरण गेले असेही नाही, काही चिडतात, काही आक्षेप घेतात. परंतु त्यांच्या वागण्याची गावाला सवय होते आणि त्या सवयीतून एक नाते तयार होते. आधी अर्थ समजला आणि मग स्वीकार झाला, असा क्रम येथे नाही. सहवास आधी येतो, अर्थ मागाहून लागतो, कधी लागतही नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला महदाइसेच्या धवळ्यांचा आहे. गोविंदप्रभूंना एकदा विवाह करावासा वाटला, असा प्रसंग परंपरेत सांगितला जातो. व्यवहाराच्या दृष्टीने ही इच्छा अनाकलनीय होती. भोवतालच्या भक्तांनी तिची थट्टा केली नाही किंवा समजूत घालून ती मोडीत काढली नाही. विवाहाची तयारी झाली आणि त्या प्रसंगी महदाइसेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचून गाइले. मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य या प्रसंगातून जन्मास आले. एका व्यक्तीची तर्कात न बसणारी इच्छा इतरांनी गांभीर्याने घेतली, म्हणून ही रचना घडली, असे या प्रसंगाचे वाचन करता येते. वेगळ्या माणसाला सामावून घेतल्याने समाजाला काय मिळते, असा प्रश्न कोणी विचारला तर मराठीच्या प्राध्यापकाला याहून जवळचे उदाहरण देता येणार नाही. मात्र महदाइसेने धवळे काही लाभ व्हावा म्हणून रचले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

या दाखल्याच्या मर्यादा

रिद्धपूरचे चित्र आदर्श मानून थांबणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप उघड आहे. गोविंदप्रभूंचा स्वीकार ते परमेश्वरावतार मानले गेले म्हणून झाला. तेव्हा देवत्व ही चौथी आणि सर्वांत कठोर अट नव्हे काय? भक्तांच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु ग्रंथातील अनेक सामान्य माणसे पंथाचे अनुयायी नाहीत. त्यांच्या लेखी राऊळ एकाच वेळी वेडे आणि आपले आहेत. आपलेपणासाठी त्यांना तत्त्वज्ञानाची गरज पडलेली दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एखादी स्त्री, किंवा त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील व्यक्ती अशीच गावभर फिरली असती, कोणाच्याही घरात शिरली असती, तर रिद्धपूरने हीच मुभा दिली असती काय? ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर देत नाही, पण वाचकाने तो विचारला पाहिजे. वेगळेपणाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, हे त्या काळाइतकेच आजही खरे आहे.

याच अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ व दिव्यांग मुलांसाठी चालविलेले कार्य या संदर्भात आठवते. बेवारस सापडलेल्या शंभराहून अधिक मुलांना त्यांनी स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडावे लागणाऱ्या या मुलांनी जावे कोठे, हा प्रश्न ते सातत्याने मांडत आले आहेत. ज्यांच्याकडे देवत्व नाही, स्पर्धा जिंकणारी प्रतिभा नाही आणि रडणारी आईही नाही, अशा माणसांचा हा प्रश्न आहे. आपण पाहिलेल्या सर्व अटी येथे निरुपयोगी ठरतात आणि स्वीकाराची खरी कसोटी येथेच लागते.

आपला प्रदेश आणि आपले वर्ग

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते, काहींची तेलुगू वा बंगाली असते, आणि मराठी बोलणाऱ्यांचीही बोली प्रमाण मराठीहून निराळी असते. असा विद्यार्थी वाचताना अडखळला की आपण ते भाषेमुळे, घरच्या परिस्थितीमुळे किंवा आळसामुळे झाले असे ठरवून मोकळे होतो. त्यामुळे ज्याला खरोखर अध्ययन अक्षमता आहे, तो दिसतच नाही. याउलट ज्याची केवळ भाषा वेगळी आहे, त्याच्यावर 'मठ्ठ' हा शिक्का बसतो. एकच अडखळणे दोन निराळ्या कारणांनी होऊ शकते आणि दोन्ही ठिकाणी अन्याय विद्यार्थ्यावरच होतो. शहरात निदानासाठी तज्ज्ञ मिळतात. येथे प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते आणि त्यासाठी पालकांची मजुरी बुडते.

कायद्याने मात्र पुष्कळ पुढचा पल्ला गाठला आहे. १९९५ च्या अधिनियमात सात प्रकारच्या दिव्यांगतांचा समावेश होता आणि त्यांत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकूण २१ प्रकार असून या दोहोंचा त्यांत अंतर्भाव आहे. याच अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात दिलेला निर्णय प्रत्येक परीक्षा विभागाने वाचावा असा आहे. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराची दिव्यांगता ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही, एवढ्या कारणावरून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. म्हणजे समुचित सोय ही कृपा नसून हक्क आहे.

तथापि हक्क कागदावर असणे आणि रिद्धपूरप्रमाणे तो सवयीत उतरणे, यांत अंतर आहे. ते कसे कमी करता येईल, याची प्रेरणा आपल्याच परिसरात मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखले जाते. या गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेते. एखाद्याचे समाधान झालेले नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. सर्वांत शेवटी पटणाऱ्या माणसासाठी संपूर्ण गाव थांबते. या पद्धतीत वेळ लागतो, पण कोणी मागे पडत नाही. आपले वेळापत्रक, आपले अंतर्गत मूल्यमापन आणि आपली तीन तासांची परीक्षा कोणासाठी थांबते, याचा विचार आपण या उदाहरणाच्या प्रकाशात करावयास हवा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. परिशीलन केलेल्या कलाकृतींत वेगळ्या मेंदूघडणीच्या माणसाचा स्वीकार गंमत, करुणा किंवा गुणवत्ता यांपैकी एखाद्या अटीवर झालेला दिसतो. या कलाकृतींचे सामाजिक कार्य मोठे आहे, परंतु या अटींत न बसणारा माणूस त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

२. उपयुक्ततेच्या आधारे केलेला समावेशनाचा युक्तिवाद अपुरा आहे. त्यातून उपयोगी आणि निरुपयोगी अशी नवी उतरंड तयार होते.

३. 'गोविंदप्रभु चरित्र' या ग्रंथाचे वाचन गावाच्या वर्तनावर लक्ष केंद्रित करून केले, तर समजण्याआधी सहवास देणारा स्वीकार त्यात आढळतो. त्याला श्रद्धेची, जातीची व लिंगाची मर्यादा आहे आणि ती नोंदवूनच हे वाचन करावे लागते.

४. वेगळ्या माणसाने स्वतः सांगितलेली कथा मराठीत अजून पुरेशी आलेली नाही. तिला अभ्यासक्रमात, नियतकालिकांत व संशोधनात जागा देणे ही विद्यापीठीय मराठीची पुढील जबाबदारी आहे.

५. बहुभाषिक वनप्रदेशात भाषेची अडचण आणि अध्ययन अक्षमता यांतील फरक ओळखण्याचे प्रशिक्षण प्राध्यापकांना मिळाले पाहिजे. तोपर्यंत सूचना तोंडी व लेखी अशा दोन्ही प्रकारे देणे, अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षेचा पर्याय ठेवणे, वर्गात सक्तीने मोठ्याने वाचावयास न लावणे आणि लेखनिक व वाढीव वेळेची माहिती प्रवेशाच्या वेळीच देणे, एवढ्या गोष्टी कोणत्याही निधीविना करता येतात.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याची अंतर्गत परीक्षा तोंडी घेतली असती तर त्यातील गुणांपुरता तरी त्याच्यावर अन्याय झाला नसता. त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नव्हती. जो ग्रंथप्रकार त्याला मुखोद्गत होता, तो प्रथम म्हाइंभटांनी लोकांच्या तोंडून ऐकूनच संकलित केला होता, याची आठवण मराठीच्या शिक्षकाला त्याच वेळी व्हावयास हवी होती.